मोटारींची प्रतवारी आणि वेगाची शर्यत

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत मोटारींच्या शर्यतीवर लेख पाहून वाचक बंधुभगिनींस आश्चर्य वाटेल. धान्याच्या पोत्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाने वेगाच्या गोष्टी सांगाव्यात, हे आम्हांसही विसंगतच वाटते. आमची स्वतःची मोटार मंचेरियलहून चंद्रपूरच्या वाटेस लागली तरी मागून येणारे दहा वेळा भोंगा वाजवितात, इतकी ती सावकाश चालते. तरीही हा विषय आम्ही आपण होऊन मागून घेतला आहे. त्याचे कारण मागील वर्षीच्या सर्वसाधारण सभेत आहे.

सभासदांस स्मरत असेल की त्या सभेत एक सूचना आली होती. उत्तम व्यापाराबद्दल संघातर्फे दरवर्षी जे एकच मानचिन्ह दिले जाते, ते लहान, मध्यम व मोठी दुकाने असे तीन वर्ग करून द्यावे, असा तिचा आशय होता. सूचना मांडणारे गृहस्थ वयाने आमच्याहून वडील. त्यांचे किराण्याचे लहान दुकान आहे आणि सारा बाजार त्यांना काका म्हणतो. ते उभे राहून एवढेच म्हणाले की, "शेठ, पायली आणि खंडी एकाच रांगेत उभी केलीत, तर पायलीचा नंबर कधी लागायचा?" आम्ही विरोधात बोललो. बक्षिसे वाटून टाकली की त्यांची किंमत उतरते, असे आमचे म्हणणे होते. तेथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु सभेत हशा पिकविण्याच्या मोहाने "वासरांत लंगडी गाय शहाणी" ही म्हण आमच्या तोंडून गेली. हशा पिकला. सूचना थोड्या मतांनी पडली. काका खाली बसले आणि सभा संपेपर्यंत पुन्हा बोलले नाहीत. संवत्सरीस आम्ही त्यांच्या घरी जाऊन मिच्छामि दुक्कडम् म्हटले, त्यांनीही हात जोडून तेच म्हटले. पण म्हण खरी की खोटी, हा प्रश्न मनातून गेला नाही.

दिवाळीच्या सुटीत आमच्या थोरल्या बंधूंचा नातू आला होता. तो पुण्यास यंत्रशास्त्र शिकतो. त्याला हा प्रसंग सांगितला तेव्हा तो म्हणाला, "आबा, जगातल्या सर्वांत वेगवान मोटारींच्या शर्यतीतसुद्धा एकच रांग नसते. तिथे शेकडो वर्ग आहेत." पुढील तीन रात्री त्याने आम्हांस जे सांगितले आणि नंतर आम्ही स्वतः जे वाचून पडताळले, ते येथे देत आहोत.

जमिनीवरील वेगाची ही शर्यत घोड्यांच्या शर्यतीसारखी नव्हे. येथे मोटारी एकमेकींशेजारी धावत नाहीत. लांबच लांब सरळ, सपाट भूमीवर एक मोटार एकटी सोडतात. ती पुरती वेगात आली की मधल्या ठराविक अंतराला, म्हणजे एक मैल किंवा एक किलोमीटर, तिला किती वेळ लागला ते यंत्र मोजते. स्पर्धा घड्याळाशी, आणि त्या वर्गात पूर्वी जे जे धावून गेले त्या सर्वांशी. अमेरिकेत युटा राज्यात बॉनेव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण पठार आहे. कच्छी बांधवांनी रण मनासमोर आणावे म्हणजे कल्पना येईल. तेथे १९४९ सालापासून दरवर्षी 'स्पीड वीक' भरतो. पाऊस अधिक झाला किंवा मिठाचा थर पातळ झाला तर तो रद्द होतो. २०१४ व २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे तसे झाले.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या विमानाच्या धावपट्टीवर होणारी पाव मैलाची धाव. तिला 'व्हॅली रन' म्हणतात. तेथेही पेट्रोल व डिझेल, देशी व परदेशी, आणि इंजिनाचा आकार यांवरून गाड्यांचे वर्ग पाडतात. मैलांच्या मैल सरळ भूमी तेथे नाही, म्हणून जागेवरून निघून पाव मैल किती लवकर कापला, एवढेच पाहतात.

प्राणहिता ओलांडून विदर्भात गेले की याहून जुनी गोष्ट आढळते, ती शंकरपट. तेथेही बैलजोडी घड्याळावर धावते आणि सेकंदाच्या अंशावरून निकाल लागतो. बैलांच्या शर्यतींत गट पाडतात. पश्चिम महाराष्ट्रात तर दातांवरून आदत, दुसा, चौसा असे वर्ग आहेत. गोऱ्ह्याने पुरत्या जुळलेल्या बैलाशी धावू नये, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागले नाही. या शर्यती २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या होत्या. पुढे महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला आणि २०२३ साली घटनापीठाने तो मान्य केला. आपण पंचेंद्रिय जीवाला पराणी टोचून मिळणाऱ्या आनंदापासून दूर राहणारे लोक. कायद्याने परवानगी दिली म्हणून आमचे मत बदललेले नाही. परंतु तेथील प्रतवारीची रीत शहाणपणाची आहे, हे कबूल केले पाहिजे.

मोटारींच्या बाबतीत हे शहाणपण यायला काही वर्षे लागली. वेगाचा पहिला नोंदलेला उच्चांक १८९८ सालच्या डिसेंबरात फ्रान्समध्ये झाला. त्या मोटारीने एक किलोमीटर ५७ सेकंदांत कापला, म्हणजे वेग ताशी सुमारे ६३ किलोमीटर पडला. आज आपल्या गावची रिक्षाही त्याच्या जवळपास जाईल. नवलाची गोष्ट ही की ती मोटार विजेवर चालणारी होती. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या जेनात्झीने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली, तीही विजेच्याच मोटारीने. मग पेट्रोलचे दिवस आले आणि इंजिने फुगू लागली. १९०९ साली ज्या जर्मन बेंझ मोटारीने इंग्लंडात ताशी २०० किलोमीटरच्या वर वेग गाठला, तिचे इंजिन २१,५०० सी. सी.चे होते. ज्याच्यापाशी मोठे इंजिन ढाळावयास पैसा, त्याचाच उच्चांक, असा तो मामला झाला. लहान इंजिन कुशलतेने बनविणारा कारागीर कोणाच्या खिजगणतीत राहिला नाही. तेव्हा इंजिनाच्या आकारावरून वर्ग पाडण्याची पद्धत रूढ झाली.

आता हा सी. सी. म्हणजे काय, ते धान्याच्या व्यापाऱ्यास दोन वाक्यांत कळेल. इंजिनात गोल पोकळ नळकांडी असतात. त्यांत दट्ट्या वरखाली सरकतो. दट्ट्या एकदा वरून खाली गेला की जेवढी पोकळी मोकळी होते, ते त्या नळकांड्याचे माप. जणू ती पायलीच. अशा सर्व पायल्यांची बेरीज म्हणजे इंजिनाचा आकार. कुर्ल्यास बनणाऱ्या जुन्या फियाट ११०० गाडीचे उदाहरण घेऊ. तिच्या नळकांड्याचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, नळकांडी चार. ६.८ चा वर्ग ४६.२४. त्यास ०.७८५४ ने गुणले की वर्तुळाचे क्षेत्रफळ ३६.३२ चौरस सेंटिमीटर. ते साडेसातने व पुन्हा चाराने गुणावे. उत्तर येते १०८९ सी. सी.

हा आकडा १०८९ का, पुरा ११०० किंवा १२०० का नाही? आंतरराष्ट्रीय संस्थेने पूर्वी जे वर्ग ठरविले होते, ते इंग्रजी अक्षरांनी ओळखले जात. ८,००० सी. सी.च्या वर 'ए', ५,००० ते ८,००० 'बी', ३,००० ते ५,००० 'सी', २,००० ते ३,००० 'डी', १,५०० ते २,००० 'ई', १,१०० ते १,५०० 'एफ', ७५० ते १,१०० 'जी', ५०० ते ७५० 'एच', आणि तेथून खाली आय, जे वगैरे. आता फियाट पाहा. १०८९, म्हणजे 'जी' वर्गाच्या माथ्याला टेकलेली, पण आत. आणि आपली जुनी अॅम्बॅसडर १४८९ सी. सी.ची, म्हणजे 'एफ' वर्गाच्या माथ्याशी. युरोपात ११०० व १५०० हे आकडे शर्यतीतच नव्हे, बाजारातही रुळले होते. कारखानदार त्या रेषेच्या जितके जवळ जाता येईल तितके जात, पण ओलांडीत नसत. आपण ज्या गाड्यांतून लग्नाच्या वराती नेल्या, त्यांच्या पोटात असा हिशेब होता, हे आम्हांस साठी उलटल्यावर कळले.

फियाटचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ती गाडी ज्या प्रिमियर ऑटोमोबाइल्सने बनविली, ती कंपनी १९४४ साली स्थापन करणारे शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या जैन व्यापारी कुळातले. जन्म १८८२. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही धंद्यांत परकीय राज्य असताना त्यांनी हात घातला. ते १९५३ साली निवर्तले. मोटार हा विषय आपल्या समाजाला अगदीच परका नाही, एवढेच दाखवावयाचे आहे.

असो. इंजिनाच्या आकाराने प्रतवारी पुरी होत नाही. गहू म्हटला म्हणजे सारा गहू एक होत नाही, तसेच हे. बॉनेव्हिलच्या शर्यती १९३७ साली स्थापन झालेली दक्षिण कॅलिफोर्नियातील एक संस्था घेते. ती मोटारीस तीन प्रश्न विचारते. इंजिन केवढे? सांगाडा कसा? आणि पोटात काय घालता?

इंजिनाचे वर्ग तेथे ५०१ घन इंचांच्या वरच्या 'एए' पासून ३१ घन इंचांच्या आतल्या 'के' पर्यंत आहेत. वरची मोटार सव्वाआठ हजार सी. सी.ची, तर खालची मोटारसायकलीएवढ्या इंजिनाची. सांगाड्याचे प्रकार पाहिले तर करमणूक होते. मासोळीसारखी निमुळती, चाकेही झाकलेली ती एक जात. चाके उघडी असलेली दुसरी जात. हिचा उगम असा की महायुद्धानंतर लढाऊ विमानांच्या पोटाखालच्या पेट्रोलच्या जादा टाक्या मोडीत स्वस्त मिळू लागल्या. तेथील तरुणांनी त्यांना चार चाके लावली, आत इंजिन बसविले आणि धावू लागले. मोडीच्या मालातून एक कायमचा वर्ग निर्माण झाला! पुढे जुन्या उघड्या गाड्या, बंद गाड्या, कारखान्यातून निघाल्या तशाच ठेवलेल्या गाड्या, मालमोटारी. मोटारसायकलींचे खाते तर स्वतंत्रच. तिसरा प्रश्न इंधनाचा. साधे पेट्रोल घालणारे वेगळे व तीव्र रसायने घालणारे वेगळे. शिवाय इंजिनात हवा पंपाने कोंबली आहे की ते आपणच ओढून घेते, हाही भेद आहे. या सर्वांची अक्षरे एकापुढे एक लिहून वर्गाची खूण तयार होते आणि ती मोटारीच्या अंगावर रंगवितात. आमच्या गोदामात पोत्यावर जात, प्रत आणि हंगाम यांची खूण काळ्या शाईने मारतात, त्यात आणि यात आम्हांस फरक दिसला नाही.

खूण रंगविली म्हणून तेथे कोणी विश्वास ठेवीत नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष आवडली. साध्या पेट्रोलच्या वर्गातील मोटारीने पेट्रोल तेथील ठरलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावयाचे आणि टाकीला लगेच मोहोर लागायची. उच्चांक मोडण्याजोगी धाव झाली की मोटार पहाऱ्याच्या आवारात जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा धावावयाचे. दोन धावांची सरासरी जुन्या आकड्याहून अधिक भरली, तर मग तपासनीस नळकांडी मोजतात. माप वर्गाबाहेर निघाले तर सारे व्यर्थ. वजने-मापे खात्याचा शिक्का वर्षभर सांभाळणाऱ्या आम्हां लोकांना हे नवे नाही.

जागतिक उच्चांकाच्या नियमात दोन धावा उलटसुलट दिशांनी, आणि एका तासाच्या आत व्हाव्या लागतात. १९१४ साली इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे या दुहेरी धावेच्या पद्धतीने उच्चांक नोंदला गेला. वारा पाठीशी असला तर परतताना तो तोंडावर येतो. उतार असला तर चढ होतो. जुन्या काळी तराजूच्या दांडीविषयी शंका आली की मापाडी माल व वजन यांची पारडी अदलून पुन्हा तोलीत. तीच ही युक्ती.

आता त्या म्हणीकडे येतो. कारण आमचा खरा पराभव येथे झाला.

१९२७ सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडच्या सेग्रेव्हने अमेरिकेत डेटोना येथील वाळूवर ताशी २०३ मैलांवर वेग नेला. २०० मैलांची मर्यादा मोटारीने ओलांडली ती त्या दिवशी प्रथम. त्या मोटारीत विमानाची दोन इंजिने बसविली होती. दोहोंचा मिळून आकार जवळजवळ ४५,००० सी. सी. ही झाली सर्वांच्या वरची, विनावर्ग पहिली गाय. त्यानंतर बारा वर्षांनी, १९३९ सालच्या मे अखेरीस, गोल्डी गार्डनर नावाचा दुसरा इंग्रज जर्मनीतील देसाऊजवळच्या सडकेवर आपली लहानशी एम. जी. मोटार घेऊन उतरला. इंजिन ११०० सी. सी.च्या आत, म्हणजे आपल्या फियाटच्याच वर्गातले. तिने किती वेग घ्यावा? ताशी २०३ मैलांच्या वर! ४५,००० सी. सी.ने जे केले, तेच चाळिसाव्या हिश्शाहून लहान इंजिनाने केले. मोठ्यांच्या रांगेत गार्डनरचा क्रमांक लागला नसता, कारण तोवर तेथील आकडा ताशी ३५० मैलांच्या पुढे गेला होता. वर्ग नसता तर त्याने मोटार बांधलीच नसती. थोड्या पेट्रोलात, थोड्या लोखंडात एवढे बळ कसे निघते, ते मग लोकांना दिसते कोठून? नातवाने हे आकडे कागदावर एकाखाली एक मांडले, तेव्हा आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. लंगडी गाय कोणती होती?

गार्डनरची कथा येथे संपत नाही. 'जी' वर्गाचा उच्चांक घेतल्यावर त्याच्या माणसांनी तेथल्या तेथे नळकांडी किंचित कोरून मोठी केली. इंजिन ११०६ सी. सी.चे झाले. मर्यादेहून अवघे ६ सी. सी. अधिक, पण तेवढ्याने मोटार 'एफ' वर्गात गेली. दोन दिवसांनी ती पुन्हा धावली, ताशी २०४ मैलांवर गेली आणि १५०० सी. सी.पर्यंतच्या इंजिनांचा उच्चांकही घेऊन घरी परतली. यात लबाडी नाही. तो खालच्या वर्गातून वरच्या वर्गात चढला, आपल्याहून मोठ्यांशी लढला आणि जिंकला.

रेषा ओढली की तिच्या आजूबाजूस हालचाल होतेच. आपल्या देशात २००६ साली लहान मोटारीची व्याख्या ठरली. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोलचे इंजिन १२०० सी. सी.पर्यंत व डिझेलचे १५०० पर्यंत असेल तर अबकारी कर कमी. लगेच कारखानदारांनी फूटपट्ट्या काढल्या. पुण्याच्या टाटा कारखान्याने २००८ साली इंडिगो गाडीची मागील पेटी आखूड करून ती चार मीटरच्या आत बसविली. आज कित्येक गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर असते. ते पाच मिलिमीटर कोणाला वाऱ्यासाठी सोडलेले वाटतील, पण ती कराची रेषा आहे. २०२५ सालच्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हाही लहान गाडीस १८ टक्के व मोठीस ४० टक्के ही विभागणी याच मापांवर राहिली.

आणि धान्यात? सरकारी खरेदीत 'ए' प्रतीचे भात व साधे भात यांच्या आधारभूत किमतीत क्विंटलमागे २० रुपयांचा फरक असतो. भेद ठरतो तो दाण्याची लांबी रुंदीच्या किती पट आहे त्यावरून. खालच्या वर्गाच्या दाण्याची भेसळ शेकडा ६ पर्यंत चालते, ओल शेकडा १७ पर्यंत. आपल्या तेलंगण सरकारने २०२४ च्या खरिपापासून बारीक भातास क्विंटलला ५०० रुपये जादा दिले, तेव्हा खरेदी केंद्रांवर दाणा मापावयास मापके आली. एका केसाएवढ्या फरकावर शेतकऱ्याच्या घरचे वर्ष अवलंबून राहिले. प्रतवारी करणाऱ्याचा हात किती स्थिर असला पाहिजे, हे आमच्याइतके मोटारवाल्यांना ठाऊक नसेल.

कधी कधी अशी वस्तू पुढे येते की ती कोणत्याच कप्प्यात मावत नाही. १९६३ सालच्या ऑगस्टात अमेरिकेच्या क्रेग ब्रीडलव्हने बॉनेव्हिलवर ताशी ४०७ मैल वेग गाठला. त्याच्या वाहनास चाके तीन, आणि चाकांना इंजिनाची ओढच नव्हती. विमानाच्या जेट इंजिनाचा झोत मागे सुटून ते पुढे ढकलले जाई. मोटारींच्या संस्थेने कपाळाला आठ्या घातल्या. चार चाके नाहीत, चाकांतून बळ नाही, सबब ही मोटारच नव्हे. मग मोटारसायकलींच्या संस्थेने ते तीनचाकी म्हणून आपल्या खात्यात नोंदविले. त्यामुळे पुढच्या वर्षी डोनाल्ड कॅम्पबेलने ऑस्ट्रेलियात ताशी ४०३ मैल केले, तेव्हा आकडा लहान असूनही मोटारींचा अधिकृत उच्चांक त्याचा झाला. हा गोंधळ फार दिवस टिकणे शक्य नव्हते. १९६४ सालीच जेट वाहनांस वेगळा मोठा वर्ग मिळाला. आज सर्वांच्या वरचा आकडा त्याच वर्गातला आहे. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी नेवाडाच्या वाळवंटात अँडी ग्रीनने थ्रस्ट एस. एस. सी. वाहनातून तो केला, ताशी १,२२७ किलोमीटरहून अधिक, म्हणजे आवाजाच्याही पुढे. विजेच्या मोटारीस तर नळकांडीच नाहीत, सी. सी. मोजावे कशाचे? त्यांचे वर्ग वजनावरून पाडले आहेत. तेथे आमच्यासारखा काटा लागतो.

या सर्वांत आमचे मन ज्याच्यावर बसले, तो मात्र मोटारवाला नव्हे, मोटारसायकलवाला आहे. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोपाशी १९२० सालची इंडियन स्काउट गाडी होती. नवी असताना ती ताशी ५५ मैलांच्या आसपास धावे. त्याने जन्मभर आपल्या टपरीत बसून तिचे भाग स्वतः ओतले, घासले, मोडले, पुन्हा ओतले. १९६७ साली वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्याने ती बॉनेव्हिलवर नेली आणि १००० सी. सी.च्या आतील आपल्या वर्गात ताशी १८३ मैलांहून अधिक वेगाचा उच्चांक केला. हजारो सी. सी.च्या राक्षसांमध्ये त्या म्हाताऱ्याचे नाव कोणी लिहिले असते? पुढे २०१४ साली त्याच्या मुलाच्या ध्यानात आले की दोन धावांची सरासरी काढताना कारकुनाची चूक झाली आहे. संबंधित संस्थेने कागद तपासले आणि आकडा दुरुस्त करून १८४.०८७ मैल केला. मन्रो १९७८ सालीच वारला होता. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या खतावणीतील अर्ध्या मैलाची चूक, धनी हयात नसताना, दुरुस्त करून देणारी पेढी आम्ही तरी पाहिलेली नाही.

वर्ग फार झाले तर काय, हा आमचा जुना आक्षेप मात्र सर्वस्वी खोटा नव्हता. बॉनेव्हिलवर वर्ग इतके झाले आहेत की काहींत वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही, आणि पहिला जो जाईल त्याचे काम सोपे होते. म्हणून तेथील लोकांनीच आणखी एक कसोटी मानली आहे. १९५३ सालापासून त्यांचे एक मंडळ आहे. आपल्या वर्गाचा उच्चांक ताशी २०० मैलांच्या वरच्या वेगाने मोडल्यावाचून त्यात प्रवेश मिळत नाही. नुसता वर्ग जिंकून भागत नाही, एक किमान रेषाही गाठावी लागते. आमच्या मते आपल्या संघासही हे घेण्यासारखे आहे.

सबब येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही एक सूचना सचिवांकडे लेखी पाठविली आहे. तिच्यावर सूचक म्हणून आमची सही आहे, आणि काकांना अनुमोदक होण्याची विनंती केली होती ती त्यांनी मान्य केली आहे. वर्ग तीनच असावेत. उलाढालीच्या आकड्यावरून नव्हे, तर मागील पाच वर्षांच्या सरासरीवरून पाडावेत, म्हणजे एखाद्या वर्षी माल दाबून ठेवून कोणी खाली घसरणार नाही. मानचिन्ह केवळ विक्रीसाठी न देता वेळेवर दिलेली देणी, काट्याची तपासणी आणि ग्राहकाची तक्रार नसणे यांवर द्यावे. ही आमची किमान रेषा. ज्या वर्षी ती कोणी गाठणार नाही, त्या वर्षी त्या वर्गाचे मानचिन्ह राखून ठेवावे. वह्या तपासण्यास प्रत्येक वर्गासाठी दुसऱ्या वर्गातील दोन सभासद नेमावेत.

पहिल्या व दुसऱ्या वर्गांमधील रेषा कोठे ओढावी, यावर समितीत अजून एकमत नाही. जो आकडा सध्या सुचविला आहे, त्याप्रमाणे आमचे दुकान रेषेच्या थोडेसे वर, म्हणजे पहिल्या वर्गात अगदी शेवटी येते. मुनीमजींचे म्हणणे की तांदळाचे एक खाते मुलाच्या नावे वेगळे दाखविले की आपण दुसऱ्या वर्गात पहिले येऊ. खाते आहे तसेच राहील, असे आम्ही त्यांस सांगितले आहे आणि पाच वर्षांच्या वह्या समितीकडे पाठवून दिल्या आहेत.